उत्तरेची खूण

चेन्नईतील अड्यार येथे जून महिन्यात सकाळचा वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे जमिनीवरून येतो. दुपारी समुद्रवारा आत शिरला की काही मिनिटांतच तो पूर्व-आग्नेयेकडून वाहू लागतो. अड्यार नदीच्या मुखाजवळ उभ्या केलेल्या सॉनिक ॲनिमोमीटरने हा समुद्रवारा पश्चिमेकडून आलेला दाखवला, तर यंत्र बिघडलेले नसते. ते उलटे बसवलेले असते.

या यंत्रात फिरणारा भाग नाही. समोरासमोरच्या संवेदकांमध्ये श्राव्यातीत ध्वनिलहरी दोन्ही दिशांनी जातात आणि त्यांना लागणाऱ्या वेळेतील फरकावरून वाऱ्याचा वेग व दिशा काढली जाते. वाटीच्या वारामापकाला न हलवणारी मंद झुळूकही त्यात नोंदली जाते. कीटकशास्त्राच्या दृष्टीने हे मोलाचे आहे, कारण गुलाबी बोंडअळीचा नर पतंग मादीच्या गंधामागे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतो आणि त्याचा हा प्रवास अशाच मंद, रात्रीच्या वाऱ्यात होतो. दिशेत २० अंशांची चूक झाली, तर १०० मीटरवर गंधाची वाट सुमारे ३६ मीटर बाजूला सरकलेली दिसते. कामगंध सापळ्यांच्या नोंदींचा अर्थच त्यामुळे बदलतो.

यंत्राच्या अंगावर उत्तरेची खूण असते. ती भौगोलिक उत्तरेकडे हवी. होकायंत्र मात्र चुंबकीय उत्तर दाखवते. चेन्नईत सुई खऱ्या उत्तरेच्या एक-दोन अंश पश्चिमेस राहते, महाराष्ट्रात हा फरक त्याहूनही कमी आहे. त्याची फार चिंता नको. खरी फसगत लोखंडी खांबाशी होकायंत्र धरल्याने होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेध १९०४ पासून अलिबागला घ्यावे लागले. तिथे खांबाला टेकवलेल्या होकायंत्राची काय कथा! खांबापासून बरेच दूर उभे राहावे. त्याहून चांगले म्हणजे दूरच्या शिखराचा वा टॉवरचा दिगंश नकाशावरून काढून त्यावर यंत्र जुळवावे.

मध्यान्हीच्या सावलीवरूनही उत्तर सापडते, पण घड्याळातील बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. चेन्नईत सूर्य सरासरी १२ वाजून ९ मिनिटांनी माथ्याच्या रेषेवर येतो, पुण्यात १२.३५ च्या सुमारास. ऋतूनुसार त्यात पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत फरक पडतो. शिवाय अड्यारला एप्रिलअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मध्यान्हीची सावली उत्तरेस न पडता दक्षिणेस पडते. शून्य सावलीच्या आसपासच्या दिवसांत ही पद्धत निरुपयोगीच.

थिऑसॉफिकल सोसायटीच्या परिसरासारख्या दाट वृक्षराजीलगत यंत्र अचूक लावूनही वारा खरा मिळत नाही. अडथळ्याच्या उंचीच्या किमान दहापट अंतर राखावे.

नोंदी वाचताना दोन गोष्टी तपासाव्यात. हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती. काही यंत्रे मात्र तो जिकडे जातो तिकडचे घटक देतात, आणि मग १८० अंशांची गफलत होते. दुसरे, ३५० व १० अंशांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेचा ठरतो. सरासरी सदिश पद्धतीनेच काढावी. जुळणी झाल्यावर खांब व यंत्र यांच्या सांध्यावर रंगाची आडवी-उभी रेघ मारून ठेवावी. सफाईसाठी यंत्र उतरवले, तरी ते पुन्हा त्याच जागी बसते.