फळीखालचं नाव

भाच्याने फळी जमिनीवर टेकवली मात्र, राखणदाराचा हात हलला. "इंगे वेंडाम." इथे नको. तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात स्केटबोर्ड चालणार नाही, हे सांगायला एवढं तमिळ पुरलं.

मग सावलीत बसून त्याने फळी उलटी मांडीवर घेतली. कडेने बघितलं तर थर मोजता येतात: सात. मेपलच्या लाकडाचे पातळ पापुद्रे डिंक लावून साच्यात दाबतात. काहींच्या शिरा उभ्या, काहींच्या आडव्या, म्हणून फळी लवते पण सहजी मोडत नाही. वर काळा खरखरीत कागद, पाय घसरू नये म्हणून. चित्र मात्र पोटाकडे, आणि त्यात नाव: टोनी हॉक. फळी हवेत उलटते किंवा पोरगा आपटतो, तेव्हाच ते दिसतं. कठड्यावरून फळी घासत नेली की आधी तेच खरवडतं. भाच्याच्या फळीवर 'हॉक'चा निम्माच भाग उरला होता. पण गिऱ्हाईक परत येतं ते या खरवडण्यामुळेच. फळी झिजते, नवी घ्यावी लागते, नाव पुन्हा कोरं.

हॉकने 1992 मध्ये पेर वेलिंडर या दुसऱ्या स्केटरबरोबर 'बर्डहाउस' ही फळ्यांची कंपनी काढली, तीही धंदा पार बसलेला असताना. 1999 मध्ये पुन्हापुन्हा पडून त्याने हवेत अडीच गिरक्या पुऱ्या केल्या आणि त्याच वर्षी स्पर्धा सोडल्या. त्याच वर्षी त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम आला. त्याला स्पर्धेत कधीच न पाहिलेली पोरं त्याच्या नावाची फळी मागू लागली. मात्र नुसतं नाव पुरत नाही. म्हातारा अजून रॅम्पवर उतरतो, पडतो, हे पोरांना दिसावं लागतं. स्टेसी पेराल्टा या आणखी एका स्केटरची तऱ्हा वेगळी. 1978 मध्ये जॉर्ज पॉवेलबरोबर कंपनी काढल्यावर तो स्वतः कॅमेऱ्यामागे गेला आणि हॉकसारख्या पोरांना पुढे केलं.

"आणि हे कोण?" दरबार हॉलमधल्या पांढऱ्या संगमरवरी पुतळ्यापुढे भाच्याने विचारलं. लंडनच्या फ्लॅक्समनने घडवलेले, हात जोडून उभे असलेले तंजावूरचे भोसले राजे, सरफोजी.

तिकडे निवृत्त खेळाडू कंपनी चालवतो. इथे कंपनीनेच राजाला निवृत्त केलं. हॉकने स्पर्धा सोडल्या त्याच्या बरोबर 200 वर्षं आधी, 1799 च्या तहाने, राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला आणि आसपासचा परिसर राहिला, शिवाय वर्षाला एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. वय विशीच्या आसपास. पुढची 33 वर्षं करायचं काय?

त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, युरोपातून पुस्तकं मागवून त्यांवर सह्या केल्या, इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. 1803 मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या आवारातल्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. कोरवला तमिळ मुलखात, तिथे तो वाचणारे किती होते कोण जाणे. पण त्या दगडावर कोणी फळी घासत नाही. ते नाव अजून शाबूत आहे.

"म्हणजे यांचं नाव वरच्या बाजूला," भाचा म्हणाला. मी उत्तर शोधेपर्यंत तो फाटकाबाहेर गेला होता. रस्त्यावर त्याने फळी टाकली, एक पाय ठेवला आणि हॉकचं अर्धं नाव परत जमिनीकडे गेलं.