लांब पल्ल्याच्या रायफल-स्कोपची पारख

.308 विंचेस्टर काडतुसातली 175 ग्रेन वजनाची गोळी 1000 यार्डांवर, म्हणजे 914 मीटरवर पोहोचते तेव्हा 100 यार्डांना झिरो केलेल्या, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवलेल्या, रायफलच्या नेमरेषेखाली ती सुमारे 10 मीटर उतरलेली असते. नेमबाज हे अंतर अंदाजाने भरून काढत नाही. स्कोपच्या माथ्यावरची चकती, म्हणजे टरेट, तो ठरावीक क्लिक फिरवतो आणि नेम पुन्हा लक्ष्याच्या मध्यावर धरतो. अमेरिकेतल्या एफ-क्लास या स्कोप लावून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांत 1000 यार्डांच्या लक्ष्यावरचे सर्वांत आतले वर्तुळ 5 इंच व्यासाचे असते आणि त्याबाहेरचे 10 इंचांचे. टरेटने दिलेल्या मापात 2 टक्के खोट निघाली, तर 10 मीटरांमागे 20 सेंटिमीटरचा फरक पडतो आणि गोळी दोन्ही वर्तुळांच्या बाहेर जाते. म्हणूनच लांब पल्ल्याचा स्कोप ही आधी कोन मोजणारी यंत्रणा आहे आणि नंतर दुर्बीण. विकत घेणाऱ्याचे लक्ष मात्र बहुधा उलट क्रमाने जाते, कारण काचेचा स्वच्छपणा दुकानात डोळ्यांना दिसतो. टरेटचा खरेपणा दिसत नाही.

महाराष्ट्रात रायफल नेमबाजी म्हटले की तेजस्विनी सावंत किंवा 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे यांची नावे आठवतात. त्या प्रकारांत भिंगांचा स्कोप चालत नाही. मागच्या छिद्रातून आणि पुढच्या कड्यातून नेम धरावा लागतो. इथे विचार आहे तो शेकडो मीटर पल्ल्याच्या, स्कोप लावून खेळल्या जाणाऱ्या नेमबाजीचा.

स्कोपच्या बाहेरच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. उलटी आलेली प्रतिमा सुलटी करणारी भिंगे तिच्यात बसवलेली असतात. तिचे एक टोक सांध्यावर टेकलेले असते. दुसऱ्या टोकाला वरून आणि बाजूने टरेटचे स्क्रू रेटतात आणि समोरून एक स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर दाबून धरते. टरेटची एक क्लिक म्हणजे या नळीची केसाहून बारीक हालचाल. स्क्रूचे आटे असमान असतील, स्प्रिंग मऊ पडली असेल किंवा सांध्यात ढिलाई असेल, तर क्लिक हाताला कितीही खणखणीत लागली तरी आतली नळी हव्या तेवढी सरकत नाही. कधी ती अडकते आणि पुढच्या गोळीच्या धक्क्याने जागेवर येते. मग पहिली गोळी एकीकडे आणि बाकीच्या दुसरीकडे पडतात, आणि नेमबाज दोष स्वतःला देत बसतो.

टरेटची चाल मोजण्याची दोन एकके प्रचलित आहेत. मिलिरेडियन, बोलीत मिल, म्हणजे 100 मीटरवर 10 सेंटिमीटर; 0.1 मिलची एक क्लिक 100 मीटरवर 1 सेंटिमीटर सरकवते. दुसरे एकक एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग. 100 मीटरवर ते 29 मिलिमीटर भरते. 1 मिल म्हणजे सुमारे 3.44 एमओए. कोणते एकक चांगले हा वाद निष्फळ आहे. टरेट आणि रेटिकल, म्हणजे आतल्या रेघांची जाळी, दोन्ही एकाच एककात असणे मात्र आवश्यक आहे.

टरेटची खरी परीक्षा गोळी न झाडताच होते. पाच गोळ्यांचा घोळका 100 मीटरवर साधारण 3 सेंटिमीटरमध्ये बसवणारी रायफल चांगली समजावी. तरीही त्या घोळक्याचा मध्य दर खेपेला 4 ते 5 मिलिमीटर इकडेतिकडे होतो. दोन घोळक्यांची तुलना केली की ही अनिश्चितता आणखी वाढते. 10 मिल फिरवल्यावर 1 टक्का खोट म्हणजे 100 मीटरवर अवघा 1 सेंटिमीटर. इतकी लहान चूक घोळक्यांच्या गर्दीत सहज हरवते. म्हणून स्कोप रायफलवरून उतरवून जड लोखंडी पट्टीवर घट्ट बसवतात आणि ती पट्टी न हलणाऱ्या बाकाला आवळतात. समोर बरोबर 100 मीटरवर कागद लावायचा. त्यावर ओळंबा सोडून 1 मीटर लांबीची उभी रेघ मारायची आणि दर 10 सेंटिमीटरला आडवी खूण करायची. रेटिकलचा मध्य वरच्या टोकावर आणून टरेट ‘वर’ दिशेला 10 मिल फिरवला की तो मध्य रेघेवरून खाली उतरत बरोबर खालच्या टोकावर थांबला पाहिजे. वाटेतल्या प्रत्येक खुणेशीही तो जुळला पाहिजे, कारण काही स्कोपांचा पहिला फेरा अचूक असतो आणि खोट वरच्या फेऱ्यांत येते.

अंतर टेपनेच मोजावे. 100 मीटरांत 1 मीटरची चूक झाली तर 1 टक्का खोट स्कोपच्या माथी विनाकारण बसते, आणि यार्डांचे मैदान मीटरांचे समजले तर साडेआठ टक्क्यांची.

याच मांडणीत आणखी बरेच काही कळते. मध्य खाली उतरताना रेघेपासून बाजूला सरकत असेल, तर रेटिकलची उभी रेघ आणि टरेटची चाल एका रेषेत नाहीत. हा दोष किरकोळ वाटतो, पण 10 मीटरांच्या चढावात 1 अंशाचा तिरपेपणा गोळीला 17 सेंटिमीटर बाजूला नेतो. रायफल हातात तिरकी धरल्यानेही हेच होते. त्यामुळे बरेच नेमबाज स्कोपवर छोटी पाणसळ बसवतात. मग टरेट टोकापर्यंत नेऊन परत झिरोवर आणावा, वीस-पंचवीस वेळा, आणि दरवेळी मध्य त्याच खुणेवर येतो का ते पाहावे. तीच खूण एकदा वरून आणि एकदा खालून गाठून पाहिली की आट्यांमधला मोकळेपणा उघड होतो. झूम असलेल्या स्कोपमध्ये लहान वर्धनापासून मोठ्यापर्यंत जाताना मध्य जागचा हलतो का, हेही इथेच दिसते.

रेटिकलची मापेही याच रेघेवर तपासता येतात. रेटिकल पुढच्या नाभीय प्रतलात असेल तर झूमबरोबर तेही मोठे-लहान होते आणि खुणा प्रत्येक वर्धनाला खऱ्या राहतात. मागच्या प्रतलात असेल तर त्या एकाच वर्धनाला, बहुधा सर्वोच्च वर्धनाला, खऱ्या असतात. टरेटच्या क्लिकवर मात्र याचा परिणाम होत नाही.

आता काच. कोणताही लेप नसलेल्या काचेच्या पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे 18 पृष्ठभाग धरले तर निम्म्याहून कमी प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचेल. जर्मनीतल्या येना इथे झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये परावर्तन कमी करणारा लेप शोधला. आजचे बहुपदरी लेप पृष्ठभागामागे अर्धा टक्काच प्रकाश गमावतात असे धरले, तर त्याच 18 पृष्ठभागांतून 91 टक्के प्रकाश पार होतो. काच पारखायची तर दुकानाच्या दिव्यांखाली समोरची भिंत बघून उपयोग नाही. संध्याकाळी उजेड उतरताना दूरच्या विजेच्या तारा किंवा निष्पर्ण फांद्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर बघाव्यात. कडेला जांभळी-हिरवी किनार दिसली तर रंगदोष नीट आवरलेला नाही. मध्यभाग स्पष्ट आणि कडा विरघळलेल्या असतील, तर तेही महागड्या स्कोपमध्ये खपवून घेऊ नये.

पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो: 56 मिलिमीटरच्या भिंगाचा स्कोप 25 पट वर्धनाला 2.2 मिलिमीटरचा झोत देतो. अंधुक उजेडात तरुण डोळ्याची बाहुली 7 मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणून कमी उजेडात वर्धन कमी करणे शहाणपणाचे ठरते. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, तेव्हाही मोठे वर्धन केवळ ती थरथर मोठी करून दाखवते.

34 मिलिमीटर जाडीची नळी 30 च्या नळीपेक्षा जास्त प्रकाश देते, हा समज चुकीचा आहे. जाड नळीत आतल्या नळीला हलायला जागा जास्त मिळते, एवढाच तिचा फायदा. पण लांब पल्ल्यात तो मोठा आहे. एकूण 20 मिलची चाल असलेला स्कोप रायफलवरच्या सपाट पट्टीवर मध्यापासून वर 10 मिलच देतो, आणि सुरुवातीच्या उदाहरणातल्या गोळीला 1000 यार्डांवर 11 मिल लागतात. पुढे 20 एमओए उताराची पट्टी वापरली की यात जवळजवळ 6 मिलची भर पडते.

पॅरलॅक्सची तपासणी सोपी आहे. आधी आयपीसवरचे कडे फिरवून मोकळ्या आकाशाकडे पाहत रेटिकल स्वच्छ करून घ्यावे. मग लक्ष्यावर फोकस करून डोके हळूच वरखाली हलवावे. रेटिकल लक्ष्यावरून सरकताना दिसले, तर प्रतिमा आणि रेटिकल एका प्रतलात आलेले नाहीत. बाजूच्या नॉबवर छापलेले अंतर खऱ्या अंतराशी तंतोतंत जुळेलच असे नाही. सरकणे थांबते ती जागा खरी मानावी.

टिकाऊपणाची परीक्षा सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. आतली दमट हवा काढून नायट्रोजन किंवा आर्गॉन भरल्याने काचेवर आतून वाफ धरत नाही. कोमट पाण्यात बुडवलेल्या स्कोपमधून बुडबुडे निघाले तर सील गेलेले आहे. जुना स्कोप घेताना टॉर्च तिरका धरून आतल्या भिंगांवर बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे. कोकणातल्या पावसाळ्यात कॅमेऱ्याची भिंगे गमावलेल्यांना ती लगेच ओळखू येते. स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का मागेही बसतो आणि पुढेही; मोठ्या बोअरच्या रायफलवर वर्षानुवर्षे टिकलेला स्कोप तिच्यावर काही दिवसांत मोडू शकतो. पडझडीत झिरो टिकतो का हे पाहायला काही परीक्षक रायफल सुमारे मीटरभर उंचीवरून वेगवेगळ्या बाजूंनी मऊ जमिनीवर पाडतात आणि पुन्हा घोळका मारतात. यात स्कोप धरणाऱ्या रिंगा किंवा पट्टीचे स्क्रू सरकले तर दोष स्कोपवर येतो, म्हणून ते टॉर्क पान्याने उत्पादकाने सांगितलेल्या मापाला आवळून त्यांच्यावर रंगाची रेघ ओढून ठेवतात. एकाच नगाच्या निकालावरून सगळ्या मॉडेलला चांगले-वाईट म्हणता येत नाही, आणि आयुष्यभराची हमी दुरुस्तीची खात्री देते, न बिघडण्याची नव्हे.

सापडलेल्या खोटेचे काय करायचे हे तिच्या स्वरूपावर ठरते. 10 मिल मागितल्यावर दरवेळी 9.85 मिल देणारा स्कोप वापरता येतो. प्रक्षेपमार्गाच्या गणकयंत्रात दीड टक्क्याची दुरुस्ती भरली की काम भागते. आज 9.85 आणि उद्या 10.1 देणारा, किंवा झिरोवर न परतणारा स्कोप, त्याची काच कितीही लखलखीत असो, उत्पादकाकडे परत पाठवावा. दुरुस्त होऊन आल्यावर त्याला पुन्हा 1 मीटरच्या त्याच रेघेसमोर उभे करावे.