छातीच्या शस्त्रक्रियेनंतरची धाप

सिरोंच्याकडचा माणूस नागपूरच्या मोठ्या इस्पितळात जातो. तिथे त्याच्या फुप्फुसाची शस्त्रक्रिया होते. कुणाच्या छातीत पू झालेला असतो. कुणाच्या फुप्फुसाचा एखादा भाग क्षयाने पार खराब झालेला असतो. (क्षयाच्या बहुतेक रोग्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. औषधानेच रोग जातो, आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.) दिवसभराचा प्रवास करून माणूस घरी येतो. विहिरीपर्यंत चालला की त्याला धाप लागते. घरचे घाबरतात. ‘टाके तुटतील, हलू नका,’ म्हणतात आणि त्याला खाटेवर निजवून ठेवतात.

माया खरी, पण चूक इथेच होते.

फुप्फुस लोहाराच्या भात्यासारखे आहे. माणूस पडून राहिला की भाता पुरता फुगत नाही. तळाशी कफ साचतो. मग ताप येतो आणि धाप वाढते. उजव्या फुप्फुसाचे 3 भाग असतात, डाव्याचे 2. एक भाग काढला तरी उरलेले भाग हळूहळू जास्त फुगू लागतात. याला काही आठवडे, कधी महिने लागतात. तोवर चालताना थोडी धाप लागायचीच.

धाप लागली की बसा. थोडे पुढे वाका आणि कोपरे मांड्यांवर टेका. खांदे सैल सोडा. नाकाने हळू श्वास घ्या. मग गरम चहावर फुंकर घालतो ना, तसे ओठ करून हळूहळू सोडा. घ्यायला जितका वेळ, त्याच्या दुप्पट सोडायला. आतली जुनी हवा निघाली म्हणजे नव्या हवेला जागा होते.

खोकला दाबू नका. गोधडीची घडी टाक्यांवर घट्ट धरा आणि खोका. दुखते म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही. यासाठी दुखण्याची गोळी वेळेवर घ्यावी. रोज थोडे चालावे. आधी अंगणात, मग शेजारच्या घरापर्यंत. चालताना बोलता येत असेल तर चाल बरोबर आहे. धानाचे पोते मात्र डॉक्टरांनी सांगेपर्यंत उचलू नये.

आता धुराचे. चुलीजवळ बसून फुंकणी फुंकू नका. ते काम दुसऱ्याला द्या. मोहफुले वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळतात, तिकडेही जाऊ नका. विडी तर बंदच. तेंदूपत्ता आपल्या जंगलातला असला म्हणून काय झाले?

पण बसल्या जागी धाप लागली, एकाएकी छातीत दुखू लागले, ओठ निळे पडले, थुंकीतून रक्त आले किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर फुंकर घालत बसू नका. लगेच 108 वर फोन करा. ताप आला किंवा टाक्यांतून पू आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रोवणीच्या दिवसांत नाले भरतात, गाडी गावात येत नाही. म्हणून ती कोणत्या फाट्यावर येईल आणि तिथवर खाट कोण उचलेल, हे आशाताईंना विचारून आधीच ठरवून ठेवा.