चांदीवरचा हिरवा

पेठहून नाशिक ओलांडून पुढे गेले की ओझर लागते. १९६४ साली तिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो मिग-२१ साठी. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी कामाची वाटणी होती. १९७१च्या युद्धात लढलेले मिग-२१ एफएल आज हौशी मंडळींच्या टेबलावर बहात्तरास एक या प्रमाणात दिसते. सव्वासात मीटरांपेक्षा थोडे कमी भरणारे त्याचे पंख मॉडेलमध्ये जेमतेम दहा सेंटिमीटरचे होतात. ते रंगवताना बहुतेकांचा जीव हिरव्याची नेमकी छटा शोधण्यात जातो. माझ्या मते तो शोध दुय्यम आहे. मॉडेल खरे ठरते ते थरांच्या क्रमावर.

ही विमाने मुळात बिनरंगी, उघड्या धातूची होती. युद्ध जवळ आले तेव्हा त्यांवर घाईने, स्क्वाड्रनच्या पातळीवरच छद्मरंग चढवला गेला. त्यामुळे एका तुकडीचे पट्टे दुसरीच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत, आणि किटच्या डब्यातला रंगांचा तक्ता इथे फारसा उपयोगी पडत नाही. इतिहासातला हा क्रम मॉडेलवर तसाच उतरवता येतो. प्रायमरवर चकचकीत काळा, त्यावर ॲल्युमिनियम, मग केसांना मारतात तो हेअरस्प्रे आणि सर्वांत वर ॲक्रिलिक हिरवा. हिरवा वाळल्यावर ओलसर कुंचल्याने हलके घासले की खालचा स्प्रे विरघळतो आणि चांदी डोकावते. ती कुठे डोकावू द्यायची, यातच कारागिराची समज दिसते. कॉकपिटची कड, पंखाचे मूळ, इंधनाच्या झाकणाभोवतीचा पत्रा, म्हणजे जिथे माणसांचे हातपाय लागत तिथे ती शोभते. नाकातला शंकू मात्र रडारसाठी अधातूचा बनवलेला असतो. तिथे चांदीचा एक ठिपकाही उमटला तरी सगळे सोंग उघडे पडते.

कोणी म्हणेल, छायाचित्रे बहुतेक कृष्णधवल आहेत, मग एवढा आग्रह कशाच्या जोरावर? अशा छायाचित्रातून रंग कळत नाही हे खरे. पण पट्ट्याची कड तीक्ष्ण आहे की पुसट, क्रमांक रंगाखाली झाकला गेला की वाचवला, पट्ट्यांच्या दोन छटांत फरक किती, हे सगळे त्यात कळते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: घासपूस हीच आता फॅशन झाली आहे, आणि प्रत्येक विमान भंगारात काढल्यासारखे दिसू लागले आहे. हे मला मान्य आहे. युद्ध ३ ते १६ डिसेंबर एवढेच चालले. घाईचा रंग तेवढ्यात खरवडला जाईल, पण वर्षानुवर्षे उन्हात विटल्यासारखा फिका पडणार नाही. म्हणून खरचटे हवेत, विटकेपणा नको. पत्र्यांच्या सांध्यांत सोडायचा पातळ काळा रंग, म्हणजे वॉशही, बेताचाच हवा. मॉडेलवरची पाव मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावर अठरा मिलिमीटरची फट होते. एवढ्या फटीचे विमान कोणी उडवणार नाही.

हाच न्याय पोटाखालच्या सामानालाही लागू होतो. एफएलला अंगची तोफ नव्हती. ती पोटाखाली वेगळ्या पॉडमध्ये टांगत. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर गेलेल्या मिगांनी रॉकेटे डागली होती. ते विमान करायचे तर पंखाखाली रॉकेटचे पॉडच हवेत. किटमध्ये आयती मिळतात म्हणून क्षेपणास्त्रे चिकटवणे म्हणजे दुसऱ्याच मोहिमेचे विमान करणे.

युद्धाचे खेळणे करता, असाही एक आरोप होतो. गुळगुळीत, निष्कलंक विमानाला तो लागू पडेल. पण खरवडलेल्या हिरव्याखाली उघडा पत्रा दाखवणारा माणूस पराक्रमाबरोबर तयारीतली घाईही दाखवत असतो. उरतो प्रश्न हिरव्याच्या छटेचा. पुरावा जिथे संपतो तिथे दोन छटांतला फरक जरा सौम्य ठेवावा आणि हिरव्यात थेंबभर पांढरा मिसळावा. एवढ्या छोट्या आकारावर मूळ रंग डोळ्यांना तसाही गडदच भासतो.