मोबाईलवर डोळ्याच्या पडद्याचा फोटो : एआय काय ओळखतं आणि काय नाही?



फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत कधीकधी डोळे लालभडक दिसतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. तो लाल रंग म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवरून परत आलेला प्रकाश. त्या भिंतीवर जो पातळ थर असतो तो रेटिना, म्हणजे आपल्या भाषेत डोळ्याचा पडदा. थोडक्यात, मोबाईलचा प्रकाश पडद्यापर्यंत जातो आणि परतही येतो. मग मोबाईलवरच पडद्याचा आजार ओळखता येईल का? येतो, पण नुसत्या मोबाईलने नाही. आणि मोबाईल जे सांगतो ते निदान नसतं.

मी करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. आमच्याकडून पडद्याच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे रेल्वेने कुर्डुवाडीवरून सोलापूर, नाहीतर दौंडवरून पुणे. अख्खा दिवस जातो, शेतातलं काम बुडतं, सोबतीला कुणीतरी लागतं. त्यामुळे घरातली शुगर असलेली माणसं म्हणतात, "दिसतंय की नीट, मग कशाला जायचं?" सगळी गोची याच वाक्यात आहे.

शुगरमुळे पडद्याला काय होतं?

शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात. कुठे फुगवटा येतो, कुठे रक्त आणि पाणी झिरपतं, काही वाहिन्या बंदच पडतात. पडद्याला रक्त कमी पडलं की तिथे नव्या वाहिन्या फुटायला लागतात. पण त्या ठिसूळ असतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त साचतं, आणि त्यांची जाळी आकसली की पडदाच ओढला जाऊन सुटू शकतो. या आजाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात.

यात ना डोळा दुखतो, ना लाल होतो. वाचायला पडद्याचा मधला छोटासा भाग, म्हणजे मॅक्युला, लागतो. तो शाबूत असेपर्यंत व्हॉट्सॲपचे मेसेज व्यवस्थित वाचता येतात आणि बाकीच्या पडद्यावर आजार वाढत राहतो. म्हणून "नीट दिसतंय" हा काही पुरावा नाही.

साध्या कॅमेऱ्याने का जमत नाही?

बंद खोलीत कुलपाच्या भोकातून बघायचं आहे, आणि आत उजेडही त्याच भोकातून सोडायचा आहे, असं समजा. डोळ्याची बाहुली म्हणजे ते भोक. उजेड टाकला की ती आणखी बारीक होते, आणि समोरच्या पारदर्शक बुबुळावरून प्रकाश उलटा चमकतो.

फंडस कॅमेरा यावर युक्ती करतो. तो बाहुलीच्या कडेकडेने प्रकाशाचं कडं आत सोडतो आणि मधल्या मोकळ्या जागेतून फोटो घेतो. बंगळुरूच्या रेमिडिओ कंपनीने हीच यंत्रणा मोबाईलला जोडली, ती म्हणजे 'फंडस ऑन फोन'. लेन्स आणि प्रकाशाची व्यवस्था जोडणीत असते. फोटो टिपणं, दाखवणं आणि तपासणं हे काम मोबाईल करतो. त्यामुळे घरी टॉर्च लावून कुणाच्या डोळ्यात बघत बसू नका, त्यातून काही कळणार नाही.

मुंबईत काय करून पाहिलं?

मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत याची एक चाचणी झाली. पडद्याचे तज्ज्ञ डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास 2019 मध्ये 'जामा ऑप्थॅल्मॉलॉजी' या जर्नलमध्ये आला. फोटो डोळ्यांच्या डॉक्टरांनी नाही, आरोग्य कर्मचाऱ्यांनी काढले. फोटो तपासणारं एआय त्याच मोबाईलवर ऑफलाइन चाललं. म्हणजे फोटो सर्व्हरवर पाठवायची गरज नाही. रेंज येते-जाते अशा गावांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

एआयचं उत्तर तज्ज्ञांच्या उत्तराशी ताडून पाहिलं. डॉक्टरकडे पाठवायलाच हवा इतपत आजार असलेले 100 टक्के रुग्ण एआयने पकडले. आणि तितका आजार नसलेल्यांपैकी 88.4 टक्के लोकांना "पाठवायची गरज नाही" असं बरोबर सांगितलं.

आता हे आकडे नीट वाचू

100 टक्के ऐकून लगेच खूश होऊ नका. एकूण 213 जणांत असे गंभीर रुग्ण 15 होते. 15 पैकी 15 सापडले ही चांगलीच कामगिरी आहे, पण 1500 पैकी 1500 सापडतील असं त्यावरून म्हणता येत नाही.

दुसरी बाजू बघा. उरलेल्या 198 पैकी 23 जणांना एआयने उगाच "डॉक्टरकडे जा" म्हटलं. म्हणजे ज्या 38 जणांना जा म्हणून सांगितलं, त्यातल्या 15 जणांनाच खरी गरज होती. हे फेल झालं का? मला तसं वाटत नाही. 213 जणांनी प्रवास करण्याऐवजी 38 जणांनी केला. 23 जणांची खेप वाया गेली, पण नजर जाण्यापेक्षा तिकीट वाया गेलेलं परवडलं. अगदी सुरुवातीचा, हलका आजार मात्र एआयने सगळ्यांचा पकडला नाही. कुठलीही रेटिनोपॅथी ओळखण्यात ते 85.2 टक्के बरोबर ठरलं.

म्हणून एआयचं उत्तर म्हणजे गाडी पकडायची की नाही, एवढंच. पुढे डॉक्टर बाहुली मोठी करून पूर्ण पडदा तपासतात. ओसीटी नावाच्या मशीनने पडद्याचे थर बघून सूज मोजतात. सपाट फोटोत ती जाडी दिसत नाही. मोतीबिंदू असेल तर फोटोच धूसर येतो.

उपचार काय असतात?

पहिला उपचार म्हणजे शुगर आणि बीपी आटोक्यात ठेवणं. मॅक्युलाला सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकून भीती वाटते, पण आधी डोळा बधिर करतात. ही इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, आणि अर्ध्यात सोडली की सूज परत येऊ शकते. नव्या वाहिन्या वाढल्या असतील तर पडद्याच्या कडेच्या भागावर लेझर मारतात. रक्त साचलं किंवा पडदा ओढला गेला तर ऑपरेशन करतात. या सगळ्याचा मुख्य हेतू आहे ती नजर टिकवणं. गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही, म्हणून वेळेला इतकं महत्त्व.

तुम्ही काय करायचं?

- घरात कुणाला टाईप 2 शुगर निघाली असेल तर लगेच एकदा आणि नंतर दरवर्षी पडदा तपासून घ्या. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा.
- चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. "फंडस फोटो किंवा ड्रॉप टाकून तपासणी होते का?" असं स्पष्ट विचारा.
- ड्रॉप टाकल्यावर काही तास अंधुक दिसतं आणि उजेड सहन होत नाही. त्या दिवशी आई-वडिलांना गाडी चालवू देऊ नका, सोबत जा.
- अचानक काळे ठिपके, विजेसारख्या चमका किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसलं तर वार्षिक तपासणीची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पडदा सुटत असू शकतो, आणि हे शुगर नसलेल्यांनाही होतं.
- एक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघा, मग दुसरा. सरळ रेघ वाकडी दिसली तर मॅक्युला दाखवून घ्या.

पडद्याचा फोटो मिनिटांत निघतो आणि एआयचं उत्तरही तिथेच मिळतं. त्यानंतर सोलापूरची किंवा पुण्याची गाडी पकडायला लावणं हे काम मात्र कुठलंच ॲप करत नाही, ते घरातल्या पोरांनाच करावं लागतं.