कर्नेलला तुमची भाषा कळत नाही

‘प्रिंटएफ हा सिस्टिम कॉल आहे का?’ कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या व्हायवात हा प्रश्न ठरलेला. बरीच मुलं ‘हो सर’ म्हणून मोकळी होतात. उत्तर ‘नाही’ असं आहे, पण ते नुसतं पाठ करून भागत नाही. कारण त्याच्या मुळाशी एक जुना समज घट्ट बसलेला असतो: सी ही भाषा ऑपरेटिंग सिस्टिमशी थेट बोलते, आणि पायथॉन, जावा वगैरे मंडळींना मात्र मध्यस्थ लागतो.

मध्यस्थ सीलाही लागतो. फाइल उघडणं, पडद्यावर अक्षरं उमटवणं, नवी प्रोसेस सुरू करणं ही कामं साध्या प्रोग्रॅमला स्वतः करता येत नाहीत. प्रोसेसरच ती करू देत नाही. त्यासाठी कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, विनंती करावी लागते; हीच विनंती म्हणजे सिस्टिम कॉल. इंटेल किंवा एएमडीच्या ६४-बिटी प्रोसेसरवर लिनक्स असेल, तर एका ठरावीक रजिस्टरमध्ये कामाचा क्रमांक, पुढच्या रजिस्टरांत बाकीचा तपशील, आणि मग ‘सिसकॉल’ ही एक मशीन-सूचना, एवढंच त्या विनंतीचं रूप. वाचण्याचा क्रमांक ०, लिहिण्याचा १. एआरएमच्या ६४-बिटी लिनक्सवर लिहिण्याचाच क्रमांक ६४. सी भाषेच्या व्याकरणात ही सूचना कुठेही नाही. ती असते सी लायब्ररीत. पायथॉनचा नेहमीचा इंटरप्रिटर सीमध्येच लिहिलेला असल्यामुळे तोही त्याच लायब्ररीतून जातो.

लिनक्स हाताशी असेल तर हे डोळ्यांनी पाहता येतं. ‘नमस्कार’ छापणारी पायथॉनची एक ओळ ‘एसट्रेस’ या सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या साधनाखाली चालवा. आधी इंटरप्रिटर आपली मॉड्यूलं धुंडाळत शेकडो कॉल करतो. ते सगळे सोडून शेवटाकडे या. तिथे एक ‘राइट’ सापडेल. त्यातला पहिला आकडा १, म्हणजे स्टँडर्ड आउटपुट, आणि शेवटचा २२. ‘नमस्कार’मध्ये युनिकोडच्या हिशेबाने ७ चिन्हं, यूटीएफ-८मध्ये प्रत्येकी ३ बाइट, असे २१, आणि ओळ संपवणारा १. मधल्या अवतरणचिन्हांत मराठी अक्षरं नसतातच. ३४०, २४४, २५० असे ऑक्टल आकडे असतात. हे पहिले तीन म्हणजे ‘न’. आता हेच काम सीच्या प्रिंटएफने करून बघा. राइट तोच, आकडे तेच. कर्नेलच्या दृष्टीने कुणीतरी २२ बाइट पाठवले, बस्स.

म्हणूनच ‘सीमध्ये लिहिलं की जास्त अधिकार मिळतात’ यातही तथ्य नाही. कर्नेल पाहतो तो प्रोसेस कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालली आहे आणि तिला कोणते अधिकार दिलेले आहेत ते. पासवर्डांची शॅडो फाइल साध्या वापरकर्त्याने सीमधून उघडायला घेतली तर चूक क्रमांक १३ परत येतो. पायथॉनमधूनही १३च येतो. फक्त पायथॉन त्याला परमिशनएरर असं नाव देऊन तुमच्यासमोर ठेवतो.

याच्या उलट टोकाचा गैरसमज पायथॉन शिकणाऱ्यांत फार दिसतो. ऑपरेटिंग सिस्टिमकडून काही करून घ्यायचं म्हणजे ‘ओएस.सिस्टिम’ हे फंक्शन वापरायचं! नावामुळे तसं वाटतं खरं. प्रत्यक्षात लिनक्सवर ते आधी एक शेल सुरू करतं, शेल तुमचं वाक्य वाचून दुसरा प्रोग्रॅम चालवतो, आणि सिस्टिम कॉल करतो तो प्रोग्रॅम. एक फोल्डर बनवायला एवढी वरात कशाला? बरं, वेळेचं सोडा. फोल्डरचं नाव वापरकर्त्याकडून घेतलं, त्याने ‘पगार पत्रक’ असं दिलं आणि तुम्ही ते तसंच एमकेडीआयआरच्या आज्ञेला जोडलं, की ‘पगार’ आणि ‘पत्रक’ अशी दोन फोल्डरं तयार. एखाद्या खोडसाळाने नावात अर्धविराम घालून पुढे फाइली पुसण्याची आज्ञा लिहिली, तर शेल तीही इमानेइतबारे पाळेल. ‘ओएस.एमकेडीआयआर’ वापरलं तर शेल मधे येतच नाही आणि नाव अख्खंच्या अख्खं कर्नेलकडे जातं. बाहेरचा प्रोग्रॅम चालवायचाच असेल तर ‘सबप्रोसेस’ मॉड्यूलला आज्ञा यादीच्या रूपात द्यावी.

सगळ्यात महागात पडणारा समज मात्र वेगळाच: ‘राइट’ यशस्वी झालं, फाइल बंद केली, म्हणजे माहिती डिस्कवर गेली. पायथॉनच्या फाइलवर राइट केलं की मजकूर आधी पायथॉनच्याच बफरमध्ये साठतो. कर्नेलला त्याचा पत्ताही नसतो. फ्लश किंवा क्लोज केल्यावर तो कर्नेलकडे जातो आणि तिथे मेमरीत थांबतो. डिस्कवर नेण्याचा आग्रह धरायचा तर ‘एफसिंक’ वेगळं मागावं लागतं. क्लोज ते आपण होऊन करत नाही. वीज गेल्यावर ‘सेव्ह केलं होतं हो!’ म्हणणाऱ्या कित्येक प्रोग्रॅमांची गोम इथेच असते. एफसिंकबद्दल तर जाणकारही फसले होते. लिनक्सवर एफसिंक एकदा अपयशी ठरलं की दुसऱ्यांदा ते ‘यशस्वी’ असं उत्तर देऊ शकतं, आणि मधल्या मधे माहिती गेलेली असते, हे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींच्या २०१८मध्ये लक्षात आलं. तोवर ‘पुन्हा प्रयत्न करू’ असा त्यांचा हिशेब होता. पुढे त्यांनी तो बदलला: एफसिंक फसलं की डेटाबेस आता सरळ थांबतो आणि आपल्या नोंदवहीतून माहिती पुन्हा उभी करतो.

‘मग मधल्या लायब्रऱ्या गाळून क्रमांक टाकून थेट कॉल करावा, तेच खरं शुद्ध आणि वेगवान’ असं म्हणणारे हौशी लोक असतात. लिनक्सवर ते चालून जातं, कारण एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही हा तिथला कडक दंडक आहे. विंडोजमध्ये हे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. जाहीर करार आहे तो डीएलएलमधल्या फंक्शनांशी. मॅकवरही तेच. गूगलच्या गो भाषेने तिथे थेट कॉल करून पाहिले. २०१६मध्ये मॅकओएस सिएरात वेळ सांगणाऱ्या कॉलची आतली रीत बदलली आणि जुन्या गोने बांधलेले प्रोग्रॅम नीट चालेनात. नव्या आवृत्तीने ते पुन्हा बांधावे लागले. शेवटी २०१८च्या १.११ आवृत्तीत गोने मॅकवर हा हट्ट सोडला आणि ॲपलच्या लायब्ररीचा रस्ता धरला. गंमत म्हणजे वेगाचा मुद्दाही पुरता खरा नाही. लिनक्सवर घड्याळ विचारण्यासारखं काम लायब्ररी बहुधा कर्नेलमध्ये न शिरताच उरकते, इतकं की एसट्रेसला ते दिसतही नाही. तोच कॉल हाताने केला तर उलट जास्त वेळ लागतो.

आणि भाषेच्या लायब्ररीत हवं ते फंक्शन नसेल तर? तर काम अडलं, असंही नाही. पायथॉनमध्ये २००६च्या २.५ आवृत्तीपासून सी लायब्ररीतली फंक्शनं थेट बोलावणारं ‘सीटाइप्स’ मॉड्यूल आहे. जावाला जेएनआय या जुन्या जोडणीच्या कटकटीविना हे जमावं अशी अधिकृत सोय २०२४च्या २२व्या आवृत्तीत पक्की झाली. फक्त सीटाइप्समध्ये पायथॉनचं संरक्षण संपतं. फंक्शन काय परत करतं हे तुम्ही सांगितलं नाही, तर सीटाइप्स ते ३२-बिटी पूर्णांक धरून चालतं. ६४-बिटी मशीनवर मेमरीचा पत्ता परत आला की त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. मग एक्सेप्शन नाही, ओळ क्रमांक नाही; इंटरप्रिटर जागच्या जागी कोसळतो. तेव्हा परतीचा प्रकार सांगणारी ‘रेसटाइप’ आणि आर्ग्युमेंटांचे प्रकार सांगणारी ‘आर्गटाइप्स’ या दोन ओळी आधी लिहायच्या, कॉल नंतर.