जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंग

अलिबाग-मुरूड भागातील एखाद्या वाडीच्या अरुंद रस्त्यावर कोणी जुनी जीप वळवत असेल, तर चालकाकडे नीट पाहावे. गाडी उभी असताना तो दोन्ही हातांनी, खांद्याचा जोर लावून स्टिअरिंग ओढतो. गाडी धावू लागली की तेच स्टिअरिंग सहज फिरते. असे का होते?

खोडरबर टेबलावर दाबून धरा आणि जागच्या जागी पिळा. घर्षण लगेच जाणवेल. टायरचा साधारण तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. उभ्या गाडीत तो तसाच घासत फिरवावा लागतो. चाक फिरत असले, की दर क्षणी रबराचा नवा भाग जमिनीवर येतो आणि थोडाथोडा वळत जातो. पुळणीवर चालण्यासाठी रुंद टायर घातले किंवा हवा कमी केली, तर टेकणारा भाग वाढतो व स्टिअरिंग आणखी जड होते.

मुंबईत १९४० च्या दशकाअखेरीस ज्यांची जुळणी सुरू झाली, त्या विलीस पद्धतीच्या जीपमध्ये यावर एकच उपाय होता : तरफेचा नियम. समजा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४ फेरे, म्हणजे १४४० अंश फिरते आणि पुढची चाके ६० अंश वळतात. प्रमाण झाले २४ : १. बळ कमी लागते, पण हात अधिक फिरवावा लागतो. कार्य काही वाचत नाही.

पॉवर स्टिअरिंगमध्ये हे कार्य बरेचसे इंजिन करते. इंजिनावरचा पट्टा पंप फिरवतो आणि पंप तेलावर दाब देतो. दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो आणि दट्ट्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दट्ट्यावरचे बळ सुमारे ९८० किलो वजनाएवढे. हा पास्कलचाच नियम.

पण हे बळ केव्हा आणि कोणत्या बाजूला लावायचे? त्यासाठी आजच्या बहुतेक तेलाच्या स्टिअरिंगमध्ये एक बारीक पोलादी दांडी असते. चाके अडली की तिला किंचित पीळ बसतो. त्या पिळाने झडप उघडते आणि तेल दट्ट्याच्या योग्य बाजूला जाते. हात थांबला की पीळ सुटतो, झडप मध्यावर येते. किती वळायचे हे हातच ठरवतो. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने तेलदाबाच्या स्टिअरिंगवर १९२० च्या दशकात काम केले. मोटारीत ते विक्रीला आले १९५१ मध्ये, क्रायस्लर कंपनीच्या इम्पीरियल गाडीत.

मग पंप आणि नवा स्टिअरिंग बॉक्स आणून बसवला, की काम झाले का? नाही.

पहिली गोष्ट सांगाड्याची. चाक दगडात अडले, तर पूर्वी माणूसच हात आखडता घेई. दट्ट्या मात्र ढकलत राहतो, आणि तो सगळा भार बॉक्स जिथे आवळला आहे तिथल्या पत्र्यावर येतो. खाऱ्या हवेने तो गंजलेला असेल, तर चिरतो. म्हणून आधी गंज काढून तिथे जाड पट्टी जोडावी लागते.

दुसरी गोष्ट झिजलेल्या सांध्यांची. स्टिअरिंग हलके झाले की त्यांचा ढिलेपणा हाताला कळेनासा होतो. ते आधी बदलावेत.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. कार्लेखिंडीच्या वळणावर पट्टा तुटला तर? यांत्रिक जोड कायम असल्याने गाडी वळते. पण नव्या बॉक्सचे प्रमाण १६ : १ असेल, तर पूर्वीच्या दीडपट बळ लागते, शिवाय अडकलेले तेलही हातानेच ढकलावे लागते. पट्टा आणि तेलाच्या नळ्या नियमाने तपासायच्या त्या यासाठी.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर मर्यादा आहेत. म्हणून पेणच्या परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

वर्गात करून पाहा : एक लहान व एक मोठी, अशा सुया काढलेल्या दोन सिरिंज पाण्याने भरून नळीने जोडा. दोन विद्यार्थ्यांना समोरासमोर दट्टे दाबायला सांगा. कोण जिंकतो, आणि कोणाचा दट्ट्या जास्त सरकतो?